सभा होऊन राहिली

वऱ्हाडात जाणाऱ्याने पाण्याचा तांब्या मोठा न्यावा आणि राग घरी ठेवून जावं. मी तांब्या लहान नेला आणि राग भरपूर नेला, म्हणून सांगतो. आमच्या आळीतल्या काही मंडळींना अमरावतीला जायचं आहे. गाडी मिळते का, उतरायचं कुठे, पाहण्यासारखं काय, असं ती मला येऊन विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

पण मी का गेलो, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढच्या सगळ्या चिडचिडीचा अर्थ लागायचा नाही.

माझी धाकटी बहीण गोदी अमरावतीला दिलेली. तिचे यजमान वासुदेवराव इंग्रजी शिकलेले. अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिथल्या एका व्यापाऱ्याने वासुदेवरावांना दुभाषी म्हणून बोटीत घातलं. ते विलायत करून आले आणि उतरले ते थेट वाळीत. घरी भटजी येईना, न्हावी येईना, गोदीला विहिरीवर पाणी भरू देईनात.

वर्ष असं काढल्यावर शास्त्र्यांची सभा बसली. पैठण, नाशिक, वाईहून मंडळी आली. पैठणचे एक वृद्ध शास्त्री मुख्य. त्यांनी तोड काढली की वासुदेवरावांनी प्रायश्चित्त घ्यावं, आणि सभा उठायच्या दिवशी, म्हणजे शाकंभरी पौर्णिमेला, दिवस मावळायच्या आत बाईच्या माहेरच्या पुरुषाने त्या घरचा पहिला घास खावा. माहेर त्यांना घेत असेल तर गावानेही घ्यावं. माहेरचं कोणी आलं नाही, तर घर कायमचं तुटलं.

गोदीच्या माहेरी पुरुष म्हणजे मी एकटा. मी इथे पुण्यात वैद्यकी करतो, शूर वगैरे नाही. निघताना आमच्या घरातून एवढंच म्हणणं झालं, "अहो, जा. जायलाच हवं. पण तिथे जेवलात तर इथे आपल्याला कोण पंगतीला घेईल? आपल्या यमूचं लग्न ठरलंय." मी वळकटी बांधली. भीती वाटत होती, ती कशाला लपवू?

रूळ संपतात तिथून

आगगाडीचं वर्णन करीत नाही. धूर सगळीकडे सारखाच. रूळ जिथे संपले होते तिथे उतरलो. पुढे बैलगाडी.

आता नीट ऐका. तिथे गाड्या वाटेल तितक्या दिसतात. वऱ्हाडातून कापसाच्या गासड्या घेऊन येतात, त्या टाकतात आणि परत फिरतात. तुम्हाला वाटेल, परतीची गाडी रिकामी, सुखाने बसू. छट्. गाडीवानाला दुसरी खेप गाठायची घाई असते, आणि वाटेत स्नानसंध्येला थांबणारा, वेगळी चूल मांडणारा ब्राह्मण त्याला नको असतो. माझी शेंडी बघूनच लोक बैल हाकायचे. एकाने तर माझ्या तोंडावर सांगितलं, "महाराजापरीस मीठ बरं. आंघोळ मागत नाई."

मिठावरून आठवलं. शेवटी जो भेटला त्याच्या गाडीत मिठाचीच पोती होती. पुंजाजी त्याचं नाव. बडनेऱ्याजवळचा कास्तकार, स्वतःची जमीन, स्वतःचे बैल. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. आमच्याकडे चांदी देवाला घालतात, तिथे त्या वर्षी बैलांनाही पुरून उरत होती.

"अमरावतीस जाता का हो?" मी विचारलं.

"बडनेऱ्याले जातो. तिथून अमरावती हे काय. पन तुमी बसान कुठी?"

"पोत्यांवर."

"पडान."

"नाही पडत."

"पडान ना बाप्पा," तो शांतपणे म्हणाला आणि त्याने मला वर घेतलं. पहिल्याच चढावर मी पडलो. त्याने गाडी थांबवली, मला उचललं, वर बसवलं, आणि त्याबद्दल पुढे एक अक्षर काढलं नाही. मला मात्र त्याच्या गप्प राहण्याचाच राग आला.

वाटेत बाभळींच्या काट्यांना कापूस लटकलेला. समोरून येणाऱ्या गाड्यांतून उडून अडकलेला. पुंजाजीचं लक्ष रस्त्यावर आणि माझं आकाशात, चंद्र किती भरत आला ते बघण्यात. पौर्णिमा अंगावर येत होती.

अकोला

अकोल्यात धर्मशाळेचा भरवसा धरू नका. आम्ही गेलो तेव्हा तिथे माणसांना जागाच नव्हती; ओवऱ्यांतसुद्धा कापसाचे बोजे आणि बोज्यांवर राखणदार झोपलेले. ओळखीचं ब्राह्मणाचं घर आधी गाठून ठेवावं. मला एका जोशीबुवांनी ठेवून घेतलं, देव त्यांचं भलं करो. पुंजाजी गाडीखाली निजला.

तिथली एक गोष्ट सांगतो, पुढे लागेल. मी नदीवरून स्नान करून आलो. पोटात कावळे ओरडत होते. जोशीणकाकू म्हणाल्या, "या, भाकरी होऊन राहिल्या."

झाल्या म्हटल्यावर मी जाऊन पाटावर बसलो. समोर ताट नाही, तांब्या नाही. स्वयंपाकघरात डोकावतो तर चूल धुमसतेय आणि काकू परातीत पीठ मळतायत. आमच्याकडे पानं वाढल्याशिवाय कोणाला बोलावत नाहीत. मला वाटलं, ही वऱ्हाडी रीत. आधी माणसाला बसवायचं, मग चूल पेटवायची. मनातल्या मनात मी सगळ्या प्रांताला आळशी ठरवून मोकळा झालो.

भाकरी आली तेव्हा मात्र बोलती बंद झाली. तव्यावरून थेट ताटात, वर लोणी, तुरीचं घट्ट वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा सुपारीएवढाच घ्यावा. मी लिंबाएवढा घेतला. जोशीबुवा म्हणाले, "जरा जपून." डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि गूळ शोधत काकू धावतायत. पुण्याला आम्ही ज्याला तिखट म्हणतो ते त्या घरात बाळंतिणीला देत असतील.

पाहण्यासारखं म्हणाल तर मोर्णेकाठी जुना किल्ला आहे, त्याचे बुरूज धडधाकट आहेत. बार्शीटाकळीला देवीचं कोरीव देऊळ आहे, फार जुनं, अवश्य बघा असं जोशीबुवा तीनतीनदा म्हणाले. ते वाटेवर नाही. मी उजाडायच्या आत पुंजाजीला उठवलं आणि निघालो.

मूर्तिजापूरकडे

काटेपूर्णेच्या उतारावर गाड्यांची अशी गर्दी की नदी दिसेना. पलीकडून कापूस येतोय, अलीकडून आम्ही जातोय, आणि मधोमध एका गाडीचा आस मोडलेला. लोक हाका मारत होते, बैल फुरफुरत होते. मी खाली उतरून दोघाचौघांवर ओरडलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपलं काम चालू ठेवलं. शेवटी सगळ्यांनी मिळून ती गाडी उचलून बाजूला केली. पण सकाळ गेली ती गेलीच.

पुढे वेगळीच तऱ्हा. त्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी खारट आहे. दिसायला स्वच्छ, तोंडात घेतलं की थुंकावंसं वाटतं. माझा तांब्या केव्हाच रिता झाला होता. मी एका बाभळीखाली तीन दगड मांडले, विहिरीचं पाणी घेतलं आणि खिचडी चढवली. तांदूळ शिजून लगदा झाला, डाळ मात्र खड्यांसारखी टणटणीत. जाळ वाढवला. डाळ तशीच. सावली लांबत चालली आणि मी डाळीशी भांडतोय.

पुंजाजी बैलांपाशी बसून कांदा-भाकर खात होता. म्हणाला, "ह्या पान्यात डाळ शिजतच नाई, महाराज."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी रागात होते."

मी दातांखाली खडे चावत जेवलो आणि पोत्यांवर चढलो. पोत्यांत मीठ, विहिरीत मीठ, आणि रडू आलं तर तेही खारटच. गोदी लहानपणी मीठ कमी पडलं की आईच्या नकळत माझ्या पानात वाढायची, ते आठवलं. तेव्हापासून पुंजाजीशी मी नीट बोलू लागलो. कशासाठी जातोय ते सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "बहिनीच्या घरी जेवाले सभा काहून लागते?"

मी म्हटलं, "शास्त्र असतं."

"असन," तो म्हणाला आणि बैलांच्या पाठीवर हात फिरवला.

बडनेरा

बडनेऱ्यात पोचलो तो पौर्णिमेचाच दिवस, दुपार कलायला लागलेली. पुंजाजीने मला देवळाच्या ओट्यावर उतरवलं. "मीठ दुकानात टाकतो, मंग रिकाम्या गाडीनं तुमाले अमरावतीले सोडतो. बसा," म्हणाला आणि गेला.

ओट्यावर गुरव झाडत होता. मला राहवेना. विचारलं, "काय हो, अमरावतीला ब्राह्मणांची सभा होती, तिचं काय झालं?"

"सभा? होऊन राहिली."

"होऊन राहिली?"

"हो ना. होऊन राहिली," असं म्हणून तो पुन्हा झाडायला लागला.

होऊन राहिली म्हणजे होऊन गेली, आटोपली, उठली. पुण्याच्या माणसाने दुसरा काय अर्थ घ्यावा? मी ओट्यावर बसलो तो बसलोच. आधी राग आला: त्या मोडक्या आसावर, डाळीवर, मिठाच्या पोत्यांवर. मग राग संपला आणि गोदी दिसायला लागली. सकाळपासून दारात उभी असेल. माणसं एकेक करून उठली असतील. शास्त्रीबुवांनी विचारलं असेल, माहेरचं कोणी आहे का, आणि तिने मान खाली घातली असेल. मी उपरणं तोंडाला लावून रडलो. गुरवाने झाडू बाजूला ठेवला आणि पाणी आणून दिलं. गोड पाणी होतं.

आता अमरावतीला जाऊन कोणतं तोंड दाखवू? अकोल्याकडे निघालेली एक गाडी समोर उभी होती. मी वळकटी तिच्यात टाकली. गाडीवान बैल जुंपत होता तेवढ्यात पुंजाजी रिकामी गाडी घेऊन आला.

"कुठी चालले, महाराज?"

"घरी. सभा होऊन राहिली."

"मंग? तिकडे सभा होऊन राहिली अन् तुमी घरी जाऊन राहिले? काहून?"

मी भडकलो. "अरे, जाऊन कुठे राहिलोय? अजून इथेच तर आहे तुझ्यासमोर."

"तेच त म्हनतो. जाऊन राहिले. गेले नाई अजून."

मी त्या दुसऱ्या गाडीवानाला हाताने थांबवलं.

"मग सभा?"

"होऊन राहिली."

"म्हणजे झाली नाही?"

"झाली असती त झाली म्हनलं असतं ना बाप्पा."

तेव्हा मला जोशीणकाकूंची परात आठवली. भाकरी होऊन राहिल्या होत्या. म्हणजे होत होत्या. अख्खा प्रांत मला खरं तेच सांगत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होतो. वळकटी ओढून काढली आणि पुंजाजीच्या गाडीत उडी टाकली. या वेळी पडलो नाही.

अमरावती

त्या वाटेचं वर्णन विचारू नका. मी फक्त सूर्य पाहिला. पुंजाजीने बैलांना कधी मारलं नव्हतं, त्या दिवशीही नाही मारलं, पण तोंडाने असा काही आवाज काढत होता की बैल पळत सुटले. शेंब्यांवर तांबडं ऊन चमकत होतं. गावाभोवतीच्या परकोटाच्या वेशीपाशी आलो तर पुन्हा कापूस. वेशीत गाड्या ठासून भरलेल्या.

"उतरा," पुंजाजी म्हणाला. "ते तिकडे खिडकी हाये भिंतीत. मानूस जाते तिच्यातून. पळा."

मी वैद्य माणूस, पन्नाशीच्या आसपासचा, कासोटा सावरत अमरावतीच्या गल्ल्यांतून पळालो. अंबादेवीच्या घंटा वाजत होत्या. रस्ता विचारत होतो आणि लोक आधीच हात करत होते; वाळीतलं घर सगळ्यांना ठाऊक असतं.

अंगणात माणसं बसली होती. निंबाखाली चटईवर ते वृद्ध शास्त्री. घर शुद्ध ठरेपर्यंत ते उंबरा ओलांडणार नव्हते. त्यांच्या शेजारी गावातलेच एक जाड गृहस्थ उभे होते. वासुदेवरावांना घेऊच नये असा त्यांचा हट्ट, आणि डोळा मावळतीवर. दारात गोदी. तिला मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. केस पिकले होते. ती वळली आणि आत पाट मांडायला धावली.

वासुदेवराव मुंडण करून मागच्या अंगणात उभे होते. त्यांनी माझ्या अंगावर घागर ओतली. ओलेत्यानेच पाटावर बसलो. गोदीने वरणभात वाढला, तूप वाढलं. चित्राहुती घातल्या, आपोशन घेतलं, घास कालवला आणि उचलला.

आणि हात तिथेच थांबला. आमच्या पुण्याच्या घराचं दार दिसलं, बंद. दाराशी यमू. गोदी समोर उभी होती, ती माझ्या हाताकडे बघत होती. तिला कळलं.

बाहेरून त्या जाड गृहस्थांचा आवाज आला, "दिवस गेला, शास्त्रीबुवा. उठा आता."

मग शास्त्रीबुवांचा म्हातारा आवाज, "बाई, सूर्याची कड दिसतेय अजून. सांगा, तुमचे बंधू जेवले का?"

गोदी दाराआड गेली. पदर डोक्यावर ओढला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जेवून राहिला माहा दादा."

"जेवून राहिले म्हणतायत. झालं तर," शास्त्रीबुवा म्हणाले. "घर शुद्ध."

"अहो बुवा, जेवून राहिला म्हणजे आमच्याकडे—" ते जाड गृहस्थ सांगायला लागले.

"मला मराठी शिकवता?"

गोदी आत आली, माझ्यासमोर बसली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, त्यांचं झालं. आता तुझं तू ठरव. नाही खाल्लंस तरी मी कोणाला सांगणार नाही."

मी घास तोंडात घातला. वरण तिखट होतं. डोळ्यांत पाणी आलं ते कशाने, ते वासुदेवरावांनी विचारलं आणि मी मिरचीवर ढकललं. मग दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, भात मागून घेतला. एवढं जेवलो की गोदी हसायला लागली.

"गोदे, तू त्या म्हाताऱ्याला फसवलंस," मी नंतर म्हटलं.

"काहून? घास हातात होता. जेवूनच राहिला होतास."

"पण ते पैठणचे आहेत."

"मग त्यात माहा काय दोष?" ती म्हणाली. पंधरा वर्षांत ती पुरती तिथली झाली होती.

पुढच्या दिवसांत न्हावी आला, भटजी आला, आणि विहिरीवर एका बाईने आपली घागर सरकवून गोदीला जागा दिली. गोदी घागर भरून आली आणि कितीतरी वेळ ती कडेवरून खाली ठेवीना. पुंजाजी वळकटी पोचवायला आला होता. त्याला ओसरीवर बसवून जेवायला घातलं. "आमच्यात सभा नाई लागली," म्हणाला.

अमरावतीत अंबादेवीचं दर्शन घ्यावं, परकोटावरून एकदा फिरावं, कापसाचा बाजार सकाळी बघावा. उतरायचं असेल तर माझ्या बहिणीकडे उतरा. आता कोणाला अडचण नसावी.

पुणे

घरी आलो. पहिल्याच आठवड्यात शेजारचे आले आणि सुपारी कातरत म्हणाले, "विलायतवाल्याच्या घरी गेला होतात म्हणे. जेवलात का तिथे?"

यमूच्या आईच्या हातातलं काम थांबलं. मला गोदीचा शब्द आठवला. पण तो शब्द त्या दिवसाला पुरला होता, आणि इथे तो मला वापरावासा वाटला नाही.

"जेवलो," मी म्हटलं. "पोटभर."

तेव्हापासून आम्हाला पंगतीचं बोलावणं नाही. यमूच्या ठरलेल्या घराकडून माणूस फिरकलेला नाही. वऱ्हाडची वाट विचारायला येतात ते मागच्या दाराने येतात. यमूची आई मला एक शब्दही बोलली नाही. उलट परवा तिने ठेचा केला, आणि बराच जमला.

आता आमच्या आळीत माझ्यावर सभा बसली आहे. वासुदेवरावांनी इथे येऊन, सगळ्यांसमोर प्रायश्चित्ताची साक्ष द्यावी, तर आम्हाला घेतील. न आले तर आम्ही तुटलो. काल एक गृहस्थ अमरावतीला जायला निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत गोदीला निरोप दिला: पुण्यात सभा होऊन राहिली.

ते इथलेच. गोंधळले. म्हणाले, "संपली असेल तर आता कळवून उपयोग काय?"

मी म्हटलं, "तुम्ही शब्द बदलू नका. जसेच्या तसे सांगा. ती वासुदेवरावांना घेऊन निघेल."